संपलेली मालिका आणि न संपलेलं भांडण



परवा भाची सुट्टीत आली होती. रात्री टीव्हीसमोर बसली असताना विचारलं, "मामी, तू नवीन नवीन सासरी आलीस तेव्हा काय बघायचीस गं?" माझ्या तोंडून लगेच निघालं, "प्रपंच!" तिनं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. तिची काय चूक? ती मालिका आली आणि थोड्याच काळात संपलीही.

तो 1999 चा सुमार. आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन वर्षच झालं होतं आणि मी लग्न होऊन रनाळ्याला आले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अल्फा टीव्ही मराठी सुरू झालं. तेच पुढे झी मराठी झालं. आमच्या घरी चौविहार, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपून चूल बंद. शेजारच्या सुना भाकरी थापत असायच्या, तेव्हा आम्ही दोघी जावा भांडी घासून मोकळ्या! सासूबाई सामायिक करून उठल्या की टीव्ही लागायचा. त्या खाटेवर आणि आम्ही खाली सतरंजीवर. लाईट गेली की तिघी ओट्यावर येऊन पुढं काय होईल याचा अंदाज करायचो.

प्रतिमा कुलकर्णींनी दिग्दर्शित केलेली ही मालिका. समुद्राकाठचं जुनं घर, त्याचं नाव 'आश्रम', आणि त्यात एकत्र राहणारं मोठं कुटुंब. सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, संजय मोने, रसिका जोशी अशी सगळी आपल्या घरातली वाटावीत अशी माणसं. आम्ही समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या अंगणात मिरची वाळत असायची आणि कापसाची गाडी उभी असायची. तरी ते घर आमचंच वाटायचं.

का वाटायचं, ते मला आता कळतं. त्या घरात भांडणं होती, रुसवे होते, पैशाची ओढाताण होती, पण भुवई उंचावून कट करणारी बाई नव्हती. प्रत्येकाचं आपलं म्हणणं होतं आणि ऐकताना ते पटायचं. आपण प्रवचनात अनेकांतवाद ऐकतो, एकाच गोष्टीला अनेक बाजू असतात म्हणून. मला तो घरात कसा दिसतो हे आधी त्या मालिकेत समजलं.

नंतर रोजच्या मालिकांचे दिवस आले. 'चार दिवस सासूचे' 2001 ला सुरू झाली ती 2013 पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. मीही बघितली, खोटं कशाला बोलू? पण रोज रात्री बाईला उद्यासाठी अडकवून ठेवायचं म्हणजे आजचं भांडण आज मिटवून चालत नाही. मिटलं तर उद्या दाखवणार काय? मग गैरसमज लांबवायचा, कुणीतरी दाराआडून ऐकायचं, कुणीतरी कागद लपवायचे. दूरदर्शनची 'हम लोग' घराघरात पोहोचली होती, ती 1984 च्या जुलैत सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संपली. लोक बघत असतानासुद्धा गोष्ट संपवता येते. माझं तर म्हणणं आहे की कुटुंबाची गोष्ट संपवायलाच हवी, म्हणजे त्यातल्या माणसांना समेट करायची सवड मिळते.

यावर कुणी म्हणेल, खऱ्या घरात खलनायिका नसते का? छळ होत नाही का? होतो, आणि तिथं बाईनं गप्प बसू नये, क्षमेच्या नावाखाली तर मुळीच नाही. पण आपल्यातल्या बहुतेक घरांत छळ नसतो. मनात धरून ठेवलेली एखादी गोष्ट असते.

माझंच सांगते. सासूबाई गेल्यावर दुकान आणि घर वाटलं गेलं. अंगणात भिंत आली. ती कुठून घ्यायची यावरून मी आणि मोठ्या जाऊबाई असं काही बोललो की बोलणंच बंद पडलं. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत त्या अंगणात दिसल्या की मी त्यांच्या चालण्यातही डाव शोधायचे. त्यांच्या घरी पाहुणे आले की मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलत असतील. रोज रात्री जे बघत होते तेच मी दिवसा माझ्या घरात भरत होते. दर संवत्सरीला मी त्यांना मोबाइलवर 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवते, दिव्याच्या चित्रासकट आलेलं तसंच पुढं ढकललेलं. त्यांच्याकडूनही तसंच चित्र येतं.

भाचीला 'प्रपंच'बद्दल सांगताना मला एका नटाचं नाव आठवेना. आठवणारं माणूस एकच होतं, भिंतीपलीकडे. मी ओट्यावर उभी राहून हाक मारली, "भाभी, आपण बघायचो त्या प्रपंचमध्ये आजोबा कोण झाले होते हो?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. जरा वेळानं उत्तर आलं, "सुधीर जोशी. तू तर रोज त्यांच्यासाठी रडायचीस."

एवढंच बोलणं झालं. भिंत आहे तिथंच आहे, आणि भिंतीच्या बाबतीत माझं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. पण या संवत्सरीला मोबाइल घरी ठेवून जाणार आहे, दिवस मावळायच्या आत.