विश्लेषण : जबडाभर पक्के दात, पण फाइल कुणाच्या हाती?

कवळी सैल झाली की गणपतीपुळ्यातल्या आजोबांच्या ताटातून आधी भाकरी जाते, मग काजू. पुढे चारचौघांत जेवणेच बंद होते. ‘इम्प्लांट करा’ असे सगळेच सांगतात. पण रत्नागिरी, कोल्हापूर किंवा मुंबईला किती खेपा घालायच्या, हा प्रश्न पैशांइतकाच मोठा असतो. डिजिटल पद्धतीने या खेपा कमी होऊ शकतात. मात्र काही गोष्टी रुग्णाने मागून घ्यायलाच हव्यात.

हे दात कशावर बसतात?
टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रोनमार्क यांना 1952 मध्ये संशोधन करताना आढळले. 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. आज साधारण चार ते सहा इम्प्लांटवर एका जबड्याची पूर्ण कमान बसवली जाते.

डिजिटल म्हणजे नेमके काय?
पूर्वी तोंडात मसाला भरून माप घेत. आता सीबीसीटी या त्रिमितीय एक्स-रेमध्ये हाड आणि नस दिसते, तर तोंडातला स्कॅनर हिरड्यांचा आकार टिपतो. दोन्ही संगणकावर जुळवून इम्प्लांटची जागा आधीच ठरते. माप कुरिअरने न जाता फाइल म्हणून लॅबमध्ये पोहोचते.

मेख इथेच आहे. स्कॅनर छोटी चित्रे जोडत जातो. दात नसलेल्या जबड्यात खुणा कमी असल्याने जोडणीतली चूक साठत जाते. म्हणून काही ठिकाणी इम्प्लांटची जागा मोजायला फोटोग्रामेट्री वापरतात. कमान ताण न देता बसली नाही, तर स्क्रू सैल होतात किंवा तुटतात.

काय बदललेले नाही?
हाडाची गती. ते जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. ‘एका दिवसात दात’ या जाहिरातीतले दात बहुधा तात्पुरते असतात. झिर्कोनियाची पक्की कमान नंतर येते. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांचा धोका कोणतेही सॉफ्टवेअर पुसत नाही. रोजची सफाई आणि नियमित तपासणीही टळत नाही.

मग काय मागावे?
इम्प्लांटची कंपनी, मॉडेल आणि माप लिहिलेला कागद. सीबीसीटी, स्कॅन आणि अंतिम कमानीच्या डिझाइनची फाइल. प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि पाने वेगळे असतात. उद्या दवाखाना बंद झाला किंवा आजोबा मुलाकडे पुण्याला गेले, तर या नोंदींशिवाय नवा डॉक्टर अंधारात चाचपडेल. नोंदी असतील, तर कमान तुटली तरी डिझाइन पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार नाही.

माझे मत स्पष्ट आहे : ही फाइल देणे हा दवाखान्याचा मेहेरबानीचा भाग नसावा, उपचाराचाच भाग असावा. आणि पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा, ‘रात्री स्क्रू सैल झाला, तर जवळ कोण बघेल?’ उत्तर मिळाले नाही, तर घाई करू नका.