शाळेचे दार उघडले, पुढे काय?

परमुलखातून आलेल्या मुलांस सरकारी शाळेत घ्यावे की नाही, हा प्रश्न अमेरिकेत एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जी मुले परवानगीवाचून देशात आली असतील त्यांच्या शिक्षणास सरकारी पैसा मिळणार नाही, आणि शाळांनी त्यांस प्रवेश नाकारला तरी चालेल, असा कायदा टेक्सास राज्याने १९७५ साली केला. त्याच्या आधारे टायलर येथील शाळामंडळाने अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. आईबाप मेक्सिकोहून आलेले कष्टकरी. एवढी रक्कम ते कोठून आणणार? काही कुटुंबांनी दावा लावला. नावे उघड झाल्यास हद्दपारी होईल म्हणून कागदोपत्री 'डो' हे टोपणनाव घातले गेले. कोर्टातूनच आपणांस पकडून नेतील या धास्तीने ही माणसे घरातले सामान मोटारीत भरून सुनावणीस आली होती. अखेर १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल लागला. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षण हे केवळ नागरिकास नसून प्रत्येक व्यक्तीस आहे, आणि आईबापांच्या कृत्याचा दंड मुलांवर बसविता येत नाही, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालपत्राचे सार आहे. जन्मावरून शिक्षा भोगणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस निराळे समजावून सांगावयास नको.

या निकालाने शाळेचे दार उघडले. परंतु आत जाऊन बाकावर बसलेल्या मुलाचे काय होते, हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. आई कामासाठी आधी निघून गेलेली, मुलगा आजीपाशी वाढलेला. अनेक वर्षांनी भेटलेली आई त्याला जवळजवळ परकीच वाटते. वाटेत त्याने काय पाहिले असेल ते तो सांगत नाही. वर्गातली भाषा कळत नाही, तरी घरातल्या सर्वांपेक्षा त्यालाच ती अधिक येते; म्हणून कचेरीत, दवाखान्यात बापाचा दुभाष्या तोच. असा मुलगा वर्गात गप्प बसला म्हणजे मास्तर त्याला मठ्ठ समजतात, आणि भांडला म्हणजे गुंड समजतात. सॅन फ्रान्सिस्को येथील चिनी भाषक मुलांच्या दाव्यात १९७४ साली अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, न कळणाऱ्या भाषेत मुलांस नुसते बसवून ठेवणे म्हणजे समान शिक्षण नव्हे. भाषेचा प्रश्न त्यामुळे पुढे सरकला. मनाचा प्रश्न मात्र बराच काळ कोणी विचारलाच नाही.

तो लॉस एंजेलिसच्या शाळांनी विचारला. हिंसा पाहिलेल्या, नव्याने आलेल्या मुलांसाठी तेथील शाळाखाते व संशोधक यांनी मिळून एक पद्धत बसविली. शाळेच्याच इमारतीत, एका तासिकेच्या अवधीत, पाच-सात मुलांचा लहान गट प्रशिक्षित समाजसेवकासमवेत बसतो. अशा दहा बैठका होतात. शिवाय एकेकट्याशी बोलणे होते आणि आईबाप व शिक्षक यांच्याही भेटी होतात. भीती अंगात कशी शिरते, झोप का लागत नाही, घडलेली गोष्ट हळूहळू शब्दांत कशी आणावी, हे त्यांत शिकवितात. पूर्व लॉस एंजेलिसमधील दोन शाळांत १२६ मुलांवर झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांस हे साहाय्य आधी मिळाले त्यांचा त्रास तीन महिन्यांत न मिळालेल्यांहून पुष्कळ कमी झालेला दिसला. यातील मर्म 'शाळेतच' या एका शब्दात आहे. रोजंदारीवरच्या बापाला दवाखान्यासाठी रजा मिळत नाही, विमा नसतो, भाषा येत नाही, आणि अर्जावर नाव-पत्ता लिहावयाची भीती वाटते. शाळेत मूल रोज येतेच.

मात्र शाळा निर्भय असली तरच हे चालते. शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे येथे जाऊन सहसा धरपकड करू नये, असे धोरण तेथील केंद्र सरकारने २०११ साली लेखी ठरविले होते. जानेवारी २०२५ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शाळांतील मानसिक आरोग्याची मोठी अनुदाने पुढे चालू न ठेवण्याचे ठरले, व त्याविरुद्ध अनेक राज्ये न्यायालयात गेली. आमचे मत स्पष्ट आहे. ज्या दारातून पोलीस येऊ शकतो, त्या दाराआड मूल मन मोकळे करणार नाही.

तिकडे गेलेल्या आपल्या कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. आपल्याच देशातून आलेल्या सोबत्याने आडनाव विचारून नंतर डबा खाणे बंद केले, तर त्यात काय झाले हे अमेरिकन समुपदेशकास सांगितल्यावाचून कळणार नाही. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदास बंदी घातली. कॅलिफोर्नियात तसे विधेयक मंजूर होऊनही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते नाकारले. तेव्हा हे सांगण्याचे काम अजून पालकांनाच करावे लागणार.

पण नवखेपण भोगण्यास समुद्र ओलांडावा लागतोच असे नाही. खेड्यातून मुंबई-पुण्याच्या वसतिगृहात आलेली आपली मुलगी बोलीवरून हसली जाते, तेव्हा तीही परमुलखातच असते. नुसत्या प्रवेशाने भागत नाही हे बाबासाहेबांनी ओळखले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ सालीच सोलापुरास वसतिगृह काढले ते उगाच नव्हे. काही वडीलधारी म्हणतात, 'आम्ही वर्गाबाहेर बसून शिकलो, आम्हांस कोणता समुपदेशक होता?' त्यांचे सोसणे थोर होते, यात शंका नाही. परंतु जे शिकले तेच आज हे सांगावयास उरले आहेत. ज्यांनी मध्येच शाळा सोडली त्यांची साक्ष कोणी घेतली नाही. आणि मूल जेवत नाही, बोलत नाही म्हणून जर कोणी अजूनही त्याला देवऋषीकडे नेत असेल, तर त्याने दीक्षा घेऊन काय टाकले, हे आम्हांस विचारावेसे वाटते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मनास केंद्रस्थान दिले आहे.

आता कायद्याचे पाठबळही आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेव साहा प्रकरणात आदेश दिला की, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजसेवक नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. अनुसूचित जाती-जमातींच्या व इतर वंचित विद्यार्थ्यांशी भेदभावरहित वर्तन ठेवण्याचे शिक्षण कर्मचाऱ्यांस द्यावे, असेही त्यात आहे. शाळा, महाविद्यालये, शिकवणीवर्ग, वसतिगृहे या सर्वांस तो लागू असून संसदेने वा विधिमंडळाने कायदा करीपर्यंत घटनेच्या १४१ व्या अनुच्छेदान्वये बंधनकारक आहे. पालकांनी मुख्याध्यापकांस लेखी अर्ज करून समुपदेशकाचे नाव, पात्रता व भेटीची वेळ विचारावी, अर्जाची पोच घ्यावी, आणि उत्तर न आल्यास पोचेच्या प्रतीसह शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. एकट्याने जाण्याचा संकोच वाटल्यास विहारातील चार कुटुंबांनी मिळून जावे. तोवर निकड असेल तर सरकारची १४४१६ ही दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे.