थकलेल्या फेलोशिपचा रकाना



विद्यापीठाचा वार्षिक अहवाल कधी चाळलाय? गुळगुळीत कागद. इतके शोधनिबंध, इतकी पेटंटं, कलाशाखेला अमुक पारितोषिक, विज्ञानशाखेला तमुक अनुदान. असेल बुवा. पण पैसे न मिळाल्यामुळं किती जणांचा प्रबंध अर्धवट राहिला, हा रकाना त्यात कुठंच नसतो.

बाबासाहेब 1913 साली कोलंबियात गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड. त्याच पैशावर मे 1916 मध्ये गोल्डनवायझरच्या सेमिनारात या पंचवीस वर्षांच्या पोरानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला आणि जातीची नाडी सजातीय लग्नात आहे हे दाखवून दिलं. ज्यांच्यावर इतरांनी अभ्यास करायचा, त्यांच्यातलाच एक आता अभ्यासक म्हणून बोलत होता. मग लंडन. 1917 ला शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातनं साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांकडून उसने. एवढं जमलं तेव्हा 1920 ला पुन्हा लंडन गाठलं. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली 1923 ला. माणूस तोच, बुद्धी तीच. मधली तीन वर्षं खाल्ली पैशानं.

आता हैदराबाद विद्यापीठ. रोहित वेमुलानं पीएच.डी. धरली जीवशास्त्रात, नंतर वळला समाजशास्त्रांकडं. अहवालवाले आंतरविद्याशाखीय म्हणून जे मिरवतात ना, ते हेच. त्याला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं. 2015 च्या जुलैपासून त्याच्या हातात फेलोशिप पडली नाही. पुढं वसतिगृहातनं बाहेर काढलं, तर थंडीत आवारातल्या तंबूत रात्री काढल्या. 17 जानेवारी 2016 ला तो गेला. जाताना चिठ्ठीत हिशेब लिहून गेला : सात महिन्यांची थकबाकी, 1 लाख 75 हजार रुपये, ती घरच्यांना द्या. एका मित्राचं देणं होतं, तेही त्यातनंच फेडा म्हणाला. जातानाही पोरानं कुणाचं बुडवलं नाही. बुडवलं ते त्याचं.

आपल्या वाचकांत पीएच.डी. करणारी पोरंपोरी बरीच आहेत. तुमची फेलोशिप कुठल्या महिन्यापासून थकली, कागद कुठल्या टेबलावर अडला, मधल्या काळात खोलीभाडं कुठनं दिलं, गाईडनं काय सुनावलं, सगळं लिहून पाठवा. नाव नको असेल तर घालणार नाही. पुढच्या अंकात तो रकाना आपण छापू.