गिरणगावचा झगमगाट आणि राहून गेलेला हिशेब

मुंबई पाहावयास येणाऱ्या पाहुण्याचे समाधान आता राणीची बाग आणि चौपाटी एवढ्यावर होत नाही. लोअर परळचे मॉल, काचेचे मनोरे, रात्री उशिरापर्यंत गजबजलेली उपाहारगृहे आणि मद्यगृहे हाही त्याच्या भटकंतीचा भाग झाला आहे. आपल्या घरांतील तरुण मुले नोकरीनिमित्त तेथेच वावरतात. नव्या पिढीने नव्या शहराचा आनंद घ्यावा, यात वावगे काही नाही. पण हे वैभव ज्या जमिनीवर उभे राहिले, तिचा हिशेब कोणी विचारायचा?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे एकामागून एक गिरण्या थंडावल्या. त्याबरोबर एक संपूर्ण लोकजीवन विस्कटले. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार चाळींतील खानावळींत जेवत. त्या खानावळी कष्टकरी स्त्रिया चालवीत. सावकारी व्याजाच्या पाशातून त्यांना सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आज जेथे एका कॉफीला शेकडो रुपये पडतात, त्या परिसराला माउलीच्या हातचे जेवण घालणाऱ्या या स्त्रियांची आठवण कितीजणांना असते?

मुंबईतील ५८ गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिच्या विभागणीचे सूत्र घालून दिले. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन उद्याने व सार्वजनिक सुविधांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असे ते सूत्र होते. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी गिरणीच्या आवारातील मोकळ्या जागेपुरती सीमित झाली आणि लोकांच्या वाट्याला तुकडेच उरले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला; सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरविला. निर्णय शिरोधार्य, परंतु जे कायद्यात बसते ते शहराच्या हिताचे असतेच, असे नाही.

शासनाने १९९६ मध्ये नेमलेल्या, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित विचार करण्याचा आग्रह धरला होता. तो मानला गेला नाही. प्रत्येक आवारात स्वतंत्र मनोरे उठले, लाखो नोकरदार आले, रस्ते आणि पादचारी पूल मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही घटना एकाच परिसरातल्या. एकीकडे पाऊल ठेवण्यास जागा नव्हती, दुसरीकडे नियम धाब्यावर बसवून गच्च्या वापरात आणल्या गेल्या होत्या. यांना केवळ अपघात म्हणून कसे सोडून द्यावे?

म्हाडाने २०१२ मध्ये कामगारांच्या घरांची मोठी सोडत काढली. परंतु अर्जदार दीड लाखांहून अधिक आणि घरे काही हजारांत. शेलू-वांगणीकडे घरे देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२५ मध्ये वृद्ध कामगारांना आणि त्यांच्या वारसांना आझाद मैदानावर उतरावे लागले. ज्यांच्या घामावर हे शहर उभे राहिले, त्यांना शहराची वेसही नाकारावी, हे कोणत्या न्यायात बसते?

आधुनिकतेला विरोध करण्याचे कारण नाही. मॉल असोत, मनोरेही असोत. मात्र ज्या गिरण्यांच्या जमिनी अद्याप शिल्लक आहेत, तेथे प्रथम घरे, मैदाने, रुंद पूल आणि मंडई, मग इतर सारे, हा क्रम ठरला पाहिजे. पाहुण्यांना लोअर परळ अवश्य दाखवावे. दाखवताना मॉलच्या आवारात अजून उभ्या असलेल्या चिमणीकडेही बोट करावे, आणि तिच्याखाली राबलेल्या माणसांचे काय झाले, हे आपल्या मुलांना सांगावे. समाजाला स्मरण असेल, तरच राज्यकर्त्यांना हिशेब द्यावा लागेल.