न्यू ऑर्लिन्सचा जलप्रलय : देवाचा कोप की सरकारचा गुन्हा?



धम्मदीक्षा घेऊन आपण देव्हाऱ्यातील देव विसर्जित केले. परंतु नदीला पूर आला, वादळ झाले, दरड कोसळली की आपल्याच वस्तीतील एखादे वडीलधारे माणूस पुटपुटते, 'देव कोपला! जुने सोडले, त्याचे हे फळ!' आणि आठ दिवसांपूर्वी बुद्धवंदना म्हणणारी आपली जीभ त्यापुढे अडखळते. त्या वडीलधाऱ्यांचा उपहास करण्याची आमची इच्छा नाही. ज्या समाजाला शतकानुशतके 'का?' असे विचारण्याचीच मनाई होती, त्याच्या तोंडी कोपाची भाषा आपसूक येते. परंतु कारणावाचून काहीही घडत नाही, हा तथागतांचा उपदेश ज्याने स्वीकारला, त्याने छातीइतक्या पाण्यात उभे असतानाही कारण विचारलेच पाहिजे. म्हणूनच अमेरिकेतील एका शहराची हकीकत आज आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत. तिला वीस वर्षे होऊन गेली. तथापि ती जुनी झालेली नाही.

न्यू ऑर्लिन्स हे लुइझियाना राज्यातील शहर. एका अंगास मिसिसिपी नदी, दुसऱ्या अंगास पाँचरट्रेन सरोवर आणि मध्ये खोलगट ताटासारखी जमीन. तिचा बराच भाग समुद्रसपाटीहूनही खाली. पावसाचे पाणी पंपांनी उपसून कालव्यांवाटे सरोवरात सोडावे, तेव्हा कोठे शहर कोरडे राहते. म्हणजे त्या कालव्यांच्या भिंतींवरच शहराचा जीव अवलंबून होता. सन २००० च्या जनगणनेप्रमाणे तेथे ४,८४,६७४ माणसे राहत होती आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश काळी होती. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना नावाचे चक्रीवादळ तेथील किनाऱ्यावर चढले, भिंती ठिकठिकाणी फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

आता, भिंती का फुटल्या? वादळ अफाट होते, हे सरकारचे पहिले उत्तर. परंतु १७ व्या रस्त्याच्या कालव्याची व लंडन ॲव्हेन्यू कालव्याची भिंत पाणी तिच्या माथ्यावर चढण्यापूर्वीच कोसळली! पाया कच्च्या मातीत, आराखडा सदोष. या भिंतींची जबाबदारी अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाकडे होती. १९६५ साली बेट्सी वादळाने हेच शहर बुडविले, तेव्हा कायदा करून हे काम त्या दलावर सोपविण्यात आले होते. चाळीस वर्षे लोटली तरी काम पुरे नव्हते. २००६ साली दलाने आपल्या आराखड्यातील दोष स्वतःच मान्य केला. मग भरपाई? जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने अभियंता दलावर कठोर ताशेरे ओढले आणि त्याच निकालात सांगितले की पूरनियंत्रणाच्या कामातून झालेल्या नुकसानीबद्दल सरकारवर दावा चालत नाही; तशी तरतूद १९२८ च्या कायद्यात आहे. गुन्हेगार कबुली देतो, न्यायाधीश ती नोंदवून घेतो आणि बुडालेल्या माणसाच्या हाती शून्य येते!

हा १९२८ चा कायदा कोठून आला, तेही ऐका. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर महिनाभरात, एप्रिल १९२७ मध्ये, मिसिसिपी नदीला त्या देशाच्या इतिहासातील एक भयंकर पूर आला. इकडे आपली माणसे पाण्यावरील हक्कासाठी मार खात होती. तिकडे काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने बांधावर उभे करून वाळूच्या गोण्या रचावयास लावीत होते. बांध फुटल्यावर गोऱ्या बायकामुलांना नावांतून हलविले गेले. ग्रीनव्हिल गावी मात्र हजारो काळ्या लोकांना त्याच बांधावरील छावण्यांत डांबण्यात आले. मजूर एकदा निघून गेले तर परत येणार नाहीत, ही तेथील मळेवाल्यांची चिंता! त्यांच्या अंगावर चिठ्ठ्या अडकविल्या होत्या. ज्याच्या चिठ्ठीवर कामाची नोंद नाही, त्याला शिधा नाही. मदत आणि वेठबिगार यांत काही अंतर असते, हे त्या अधिकाऱ्यांना कोणी शिकविलेच नव्हते. त्याच पुरात न्यू ऑर्लिन्सच्या सावकार-व्यापाऱ्यांनी आपले शहर वाचविण्यासाठी खालच्या अंगाचा बांध सुरुंगाने उडवून दिला आणि सेंट बर्नार्ड व प्लॅकमिन्स या परगण्यांतील गरीब माणसांची घरे बुडविली. पाणी कोणाच्या दारी पाठवावयाचे, हे तेव्हाही कागदावर ठरले होते.

पुन्हा २००५ कडे वळू. जुलै २००४ मध्येच सरकारने एका काल्पनिक वादळाची रंगीत तालीम करून पाहिली होती. त्या वादळाचे नाव होते 'पॅम'. शहर बुडेल, हजारो माणसे अडकून पडतील, हे तालमीत दिसून आले होते. म्हणजे माहिती नव्हती, ही सबबही उरली नाही. असे असूनही शहर सक्तीने रिकामे करण्याचा हुकूम सुटला तो २८ ऑगस्ट रोजी सकाळी, वादळाच्या आदल्या दिवशी! ज्याच्याकडे मोटार होती तो निघाला. शहरात मोटार नसलेली माणसे सुमारे एक लाख होती. महिनाअखेर, पगार व सरकारी मदतीचे धनादेश एक तारखेला यावयाचे. खिशात भाड्याचे पैसे नाहीत, आजारी म्हातारी खाटेवर, आणि रेडिओ सांगतो, 'निघा!' पुढे पुष्कळ शहाण्यांनी विचारले, 'सांगितले होते, मग गेले का नाहीत?' ज्याला हा प्रश्न सुचतो, त्याने मुले आणि गाठोडे घेऊन पायी शंभर मैल चालून पाहावे. शाळांच्या बसगाड्या मात्र रांगेने उभ्या होत्या. त्या चालवावयास कोणी आले नाही. त्या उभ्या उभ्या बुडाल्या.

मागे राहिलेल्यांना सुपरडोम नावाच्या क्रीडागृहात जाण्यास सांगण्यात आले. तेथे छपराचे तुकडे उडाले, वीज गेली, शौचकूप तुंबले. आणखी हजारो लोक अधिवेशन-भवनात जमले. तेथे अन्न नाही, पाणी नाही, डॉक्टर नाही. खुर्चीवर बसल्या जागी प्राण गेलेल्या म्हातारीवर चादर टाकून लोक शेजारी बसून राहिले. हे दृश्य साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. परंतु केंद्रीय आपत्ती खात्याचे प्रमुख मायकेल ब्राऊन यांनी १ सप्टेंबर रोजी सांगितले की तेथे माणसे आहेत हे आपणांस त्याच दिवशी कळले! या पदावर येण्यापूर्वी हे गृहस्थ अरबी घोड्यांच्या एका संघटनेत अधिकारी होते. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यांच्या कामाची जाहीर वाखाणणी केली. १२ सप्टेंबर रोजी त्यांना राजीनामा द्यावा लागला.

त्याच १ सप्टेंबर रोजी काही शे माणसे पायी पूल ओलांडून पलीकडे निघाली. पलीकडे ग्रेटना हे बहुतांशी गोऱ्यांचे गाव. तेथील पोलिसांनी पूल अडविला आणि लोकांच्या डोक्यांवरून गोळ्या झाडल्या. ४ सप्टेंबर रोजी डॅन्झिगर पुलावर शहराच्याच पोलिसांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळीबार केला. दोन ठार, चार जखमी. खोटे अहवाल रचण्यात आले; पोलिसांचे अखेरचे कबुलीजबाब न्यायालयात पडावयास २०१६ साल उजाडले. दुकानातून सामान घेऊन पाण्यातून येणाऱ्या काळ्या तरुणाच्या छायाचित्राखाली 'लुटून' आणि तसेच येणाऱ्या गोऱ्या जोडप्याखाली 'मिळवून' असे छापून आले, हेही लक्षात ठेवा. आपणांस यात नवल वाटू नये. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत-छावण्यांतून दलितांना वेगळे काढल्याच्या, पाण्यापासून अडविल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदविल्या आहेत. सोवळे बुडत नाही; ते पाण्यावर तरंगते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाण्याने गोऱ्यांची लेकव्ह्यू वस्तीही सोडली नाही. आणि शहराचे महापौर रे नेगिन हे काळेच होते. हुकुमास उशीर त्यांनी केला; पुढे २०१४ साली लाचखोरीच्या गुन्ह्यात त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे आपले काम झाले, असे समजणाऱ्या आमच्या बांधवांनी हा महापौर विसरू नये. याच नेगिन यांनी जानेवारी २००६ मध्ये जाहीर भाषणात, देव अमेरिकेवर रागावला आहे म्हणून वादळामागून वादळ येत आहे, असे सांगितले. किती सोयीचा हा देव! त्याने एकदा राग धरला की अभियंत्याचा आराखडा, आपत्ती खात्याचा घोळ आणि महापौराची दिरंगाई, सारे एका फटक्यात धुऊन निघते.

ही सोय आपल्या देशालाही परकी नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे असे म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्यास जाहीर विरोध केला. वरवर पाहता गांधीजींचे ते बोलणे आपल्या बाजूचे वाटेल. परंतु विचार करा : पाप सवर्णांचे आणि ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही मेला, हा कोठला न्याय? आपल्या दुःखाचे असले धार्मिक स्पष्टीकरण, ते आपल्या कैवाराने दिलेले असले तरी, आपण स्वीकारता कामा नये.

बाबासाहेबांनी पाण्याकडे कसे पाहिले? १९४३ साली दामोदर नदीने बंगालात हाहाकार केला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी नवस केला नाही, प्रायश्चित्तही सांगितले नाही. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा अभ्यास करविला, अभियंत्यांना व प्रांतिक सरकारांना एकत्र बसविले आणि धरणे, कालवे, वीज यांचा एकच आराखडा उभा करण्याचा पाया घातला. जादा पाणी हे संकट नव्हे, ते साठविण्याची व्यवस्था नसणे हे संकट होय, अशी त्यांची भूमिका होती. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील काळ्यांचे पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढील त्यांच्या अर्जाची चौकशी केली होती. तेव्हा त्या लोकांची हकीकत आपण परक्यांची म्हणून वाचू नये.

पूर ओसरल्यावर काय झाले, हा या हकीकतीचा सर्वांत शिकण्याजोगा भाग. घर बांधण्यासाठी राज्याने मदत जाहीर केली. नियम असा : वादळापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांत जी रक्कम कमी ती आधाराला धरावयाची. काळ्यांच्या वस्तीतील घराला बाजारात भाव कमी. सबब तेवढ्याच विटा, तेवढाच खर्च, परंतु मदत कमी. २००८ साली यावर दावा लागला, २०११ साली तडजोड होऊन काही घरमालकांना जादा रक्कम मिळाली. सरकारी चाळींपैकी चार मोठ्या वसाहतींची सुमारे ४,५०० घरे पाडण्यास नगरपरिषदेने डिसेंबर २००७ मध्ये एकमताने संमती दिली. त्यांतील पुष्कळ घरे पुन्हा राहण्याजोगी करता आली असती. कित्येक काळी कुटुंबे परत आलीच नाहीत. पुढे भिंती नव्याने, भक्कम बांधल्या गेल्या. २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा वादळ आले तेव्हा त्या टिकल्या. मग २००५ पूर्वी तसे बांधणे अशक्य होते काय?

आणि लोअर नाइन्थ वॉर्ड या काळ्यांच्या वस्तीत कित्येकांना मदत मिळाली नाही, त्याचे कारण आपल्या घराशी येऊन भिडते. घर आजोबांनी बांधलेले. आजोबा गेले, बाप गेला, मुले राहतात. मृत्युपत्र नाही, वारसांची नावे चढविलेली नाहीत. अधिकारी म्हणाला, 'मालकीचा पुरावा आणा.' पुरावा नव्हता, आणि जे कागद होते तेही पुरात भिजले होते.

आपल्या गावठाणातील घर आज कोणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून पाहिला काय? सातबाऱ्यावर अजून वारलेल्या वडिलांचेच नाव असेल, तर पंचनाम्याच्या दिवशी आपण त्या अमेरिकन काळ्या बांधवाच्याच रांगेत उभे राहाल. पाऊस सुरू होण्यापूर्वी तलाठ्याकडे जा (हल्ली त्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), मृत्यूचा दाखला जोडून वारसनोंदीचा अर्ज द्या, त्यात मुलींची व विधवा सुनेची नावे गाळू नका, आणि अर्जाची पोच सहीशिक्क्यानिशी घेऊनच परत या.