आपलेच दात, आपलेच पॅकेज

२०२३ मध्ये डेबियन १२ आलं आणि एका शनिवारी मी ११ वरून उडी मारली. अपग्रेडमध्ये एरर एकही नाही. रिबूट केलं, तर काळा पडदा! आणि सोमवारी याच लॅपटॉपवर डेमो.

कन्सोलवरून लॉग पाहिला: सिंबल लुकअप एरर, हार्फबझच्या नावाने. आपली जोडाक्षरं जुळवते तीच ही लायब्ररी. मग ट्यूब पेटली. वर्षभरापूर्वी मी तिच्यात पॅच घालून पॅकेज बनवलं होतं आणि घरच्या लोकल रेपॉझिटरीत ठेवलं होतं. अधिकृत अपडेटने ते उडवू नये म्हणून आवृत्तीच्या आधी '१:' असा इपॉक लावला. इपॉक मोठा असेल तर पुढचे आकडे बघायचेच नाहीत, असा नियम. त्यामुळे माझं १:२.७.४ चक्क ६.०.० ला भारी पडलं! 'किमान ६.०.० हवं' म्हणणाऱ्या पॅकेजांची अटही त्याने कागदोपत्री पूर्ण केली. मग अ‍ॅप्ट बिचारं कशाला कुरकुरेल?

अशा वेळी लोक लिनक्सला शिव्या घालतात, ते मला पटत नाही. खोटा आकडा मी लिहिला होता. शेवटी नुसतं '+लोकल१' जोडलं असतं, तर ६.०.० आपोआप जिंकलं असतं. अपग्रेडआधी बाहेरची पॅकेजेस काढा, असं रिलीज नोट्समध्येही आहे (वाचतो कोण म्हणा!).

असो. सोर्सेसमधली ती ओळ काढली, आवृत्ती स्पष्ट सांगून मूळ लायब्ररी बसवली. रविवारी पहाटे डेस्कटॉप आला. पॅच नेमका कशासाठी होता, ते अजून आठवत नाहीये.