सत्तावीस सह्यांची नस्ती

ज्या नस्तीवर प्रत्येक विभागाची सहमती सक्तीची असते, ती सर्वांत हट्टी विभागाच्या गतीने पुढे सरकते. सचिवालयात काही वर्षे काढलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. युरोपीय संघात हाच नियम सत्तावीस सार्वभौम राष्ट्रांच्या पातळीवर पाहावयास मिळतो. युरोपच्या ऐक्याची चर्चा बहुधा नेत्यांच्या इच्छाशक्तीभोवती फिरते. माझ्या मते मूळ प्रश्न अधिक रुक्ष आहे: निर्णय कोणी आणि किती मतांनी घ्यावयाचा? आर्थिक क्षेत्रात युरोपने ठेचा खात का होईना, या प्रश्नाचे उत्तर शोधले. परराष्ट्र क्षेत्रात तो अजून टाळला जात आहे.

प्रथम आर्थिक बाजू पाहू. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने सामाईक चलनाचा पाया घातला आणि सदस्यांसाठी दोन मर्यादा आखल्या: अर्थसंकल्पीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्के व सार्वजनिक कर्ज ६० टक्के. १ जानेवारी १९९९ रोजी ११ देशांनी युरो स्वीकारला. व्याजदर फ्रँकफुर्टची मध्यवर्ती बँक बहुमताने ठरवू लागली. तिजोऱ्या मात्र ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. ३ टक्क्यांचा आकडा आपल्याही ओळखीचा आहे, कारण आपल्याकडील २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याखालील नियमांत तोच आला. योगायोग असा की, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनी व फ्रान्स यांनी ती मर्यादा ओलांडलेली असताना युरोपच्या अर्थमंत्र्यांनी त्यांच्यावरील कारवाई स्थगित केली. नियम मोडणारे आणि नियम राबवणारे एकाच मेजाभोवती बसले की असे घडते.

याची किंमत ग्रीसने मोजली. २००९ च्या अखेरीस तेथील तुटीचे खरे आकडे उघड झाले. आपल्याकडे एखादे राज्य अडचणीत आले तरी वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रीय करांतील वाटा त्याला मिळतच राहतो. पंधराव्या आयोगाने सर्व राज्यांचा मिळून तो ४१ टक्के ठरविला होता. युरोपीय संघाचा सामाईक अर्थसंकल्प सदस्यांच्या एकत्रित उत्पन्नाच्या जेमतेम १ टक्क्याच्या आसपास असतो, आणि सदस्याचे कर्ज संघाने अंगावर घेण्यास करारातच मनाई आहे. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे कर्ज कठोर अटींवर मंजूर झाले. निवृत्तिवेतने घटली, अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आकसली आणि २०१३ मध्ये बेरोजगारी २५ टक्क्यांच्या वर गेली.

मात्र या अनुभवातून युरोप शिकला. ऑक्टोबर २०१२ मध्ये ५०० अब्ज युरो कर्जक्षमतेची स्थायी बचाव यंत्रणा सुरू झाली. तिच्या नियमांतील एक तरतूद प्रशासकाने लक्षात ठेवावी अशी आहे: तातडीच्या प्रसंगी एकमताऐवजी ८५ टक्के मतांनी निर्णय घेता येतो. पुढे जुलै २०२० मध्ये करोनाच्या आघातानंतर ७५० अब्ज युरोंचे सामाईक कर्ज उभारण्याचे ठरले. दहा वर्षांपूर्वी ही कल्पनाही बर्लिनमध्ये कोणी ऐकून घेतली नसती.

आता परराष्ट्र बाजू पाहू. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागला तेव्हा हा प्रश्न युरोप स्वतः सोडवील, असे युरोपचे नेते सांगत होते. प्रत्यक्षात क्रोएशिया व स्लोव्हेनिया यांना मान्यता केव्हा द्यावी, यावरच मतभेद झाले. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा या संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ घोषित केलेल्या गावी आठ हजारांच्या आसपास पुरुष व मुलगे मारले गेले. तडजोड अखेर नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील डेटन येथे, तिच्याच हवाई तळावर झाली. २००३ मध्ये इराकच्या प्रश्नावर ब्रिटन, स्पेन व इटली एका बाजूला, तर फ्रान्स व जर्मनी दुसऱ्या बाजूला गेले.

२००९ च्या लिस्बन कराराने परराष्ट्र व्यवहारासाठी उच्च प्रतिनिधी आणि स्वतंत्र राजनैतिक सेवा दिली. एकमताची अट मात्र मुळात तशीच ठेवली. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर निर्बंध वेगाने लागले, हे खरे. परंतु आर्थिक निर्बंध दर सहा महिन्यांनी नव्याने एकमताने वाढवावे लागत, आणि प्रत्येक मुदत म्हणजे सौद्याची एक संधी ठरली. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा निर्णय झाला, तो हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान दालनाबाहेर गेले असताना. त्याच बैठकीत त्यांनी ५० अब्ज युरोंची मदत अडविली. ती १ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजूर झाली. युद्धात असलेल्या देशाला दीड महिन्याचा तो विलंब किती जाचला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

नकाराधिकार हे लहान राष्ट्रांचे कवच आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. परराष्ट्र धोरणात माणसे मरतात. पाच-सहा लाख वस्तीच्या माल्टाला बहुमताने फरफटत नेणे न्याय्य नाही. पण कवच आणि कुलूप यांत फरक आहे. आपल्या वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे दोन तृतीयांश, आणि निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. या रचनेत केंद्राचे पारडे जड आहे, ही टीका रास्त आहे. केंद्राच्या विरोधात काहीच मंजूर होऊ शकत नाही. तथापि कोणतेही एकटे राज्य परिषद थांबवू शकत नाही. परिषदेत पहिले मतदान डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरील कराच्या प्रश्नावर झाले. तोवरचे सारे निर्णय सहमतीने झाले होते. मतदान होऊ शकते हे ठाऊक असल्यामुळेच सदस्य सहमतीला येतात, असे मला वाटते. नकाराधिकार हाती असलेला मात्र आधी किंमत विचारतो.

म्हणून युरोपने निदान एक पाऊल टाकावे. निर्बंध प्रथम लावताना एकमत असू द्यावे. मुदतवाढीला मात्र ५५ टक्के राष्ट्रे व ६५ टक्के लोकसंख्या हे संघात अन्यत्र रूढ असलेले विशेष बहुमत पुरेसे मानावे. लष्करी बाबी वगळता असा बदल करण्याची वाट सध्याच्या करारातच आहे. तिच्या दाराशीही सर्वांच्या सह्या लागतात, ही अडचण आहेच. तरी आर्थिक संकटाने जे करावयास भाग पाडले, ते युद्धाच्या अनुभवानंतरही करता येत नसेल, तर विलंबाचा भार पूर्वीप्रमाणेच त्या दालनात ज्यांना आसन नाही, त्यांच्यावर पडत राहील.